मी अजून संपावर हाय: एका रॅप टेपच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

आजपासून नोंदी वहीत. मागच्या टेपच्या वेळी सगळं मोबाईलमध्ये होतं. मोबाईल दिवा स्टेशनच्या पुलावर गर्दीत गेला आणि त्याच्यासोबत अडीच गाणी गेली. ही वही बायची, म्हणजे माझ्या लेकीची. पहिल्या चार पानांवर तिने ‘अ’ आणि ‘आ’ गिरवलेत, पाचव्या पानापासून मी.

ठरलंय ते असं: सहा गाणी, विषय बाप होणं. बीट दोस्त देणार, मिक्स तोच करणार, पैसे नंतर. नंतर म्हणजे कधी ते दोघांनाही माहीत आहे. रेकॉर्डिंग घरीच. कपाटाचं दार उघडायचं, साड्या जागच्या जागी लटकू द्यायच्या, पाठीमागे आईची गोधडी टांगायची, मधे मी आणि माईक. साड्यांसारखा आवाज पिणारा फोम अजून मला बाजारात दिसलेला नाही. पंखा बंद ठेवावा लागतो. एप्रिलमध्ये एक टेक म्हणजे एक बनियन.

सोडायची तारीख ११ ऑगस्ट. १९७३ साली त्याच तारखेला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक अव्हेन्यू नावाच्या इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी झाली, हिप-हॉपचा वाढदिवस तिथून धरतात. रेकॉर्ड लावत होता डीजे कूल हर्क, वय अठरा. आपल्याला तारीख पाहिजे तर हीच.

१९ एप्रिल, शनिवार

मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या बीटला सोळा बार, चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे त्रेचाळीस सेकंद. तेवढ्यात बाप होणं मावतं का?

दिवा-वसई मेमूमध्ये लिहितो. गाड्या मोजक्या, त्यामुळे जी मिळेल ती माझी. कोपर येईस्तोवर चार ओळी, भिवंडी रोडला उतरेपर्यंत आठ, मग गोदाम. तिथे दिवसभर स्कॅनर पिऊक-पिऊक करतो. ती पिऊक मी मोबाईलवर घेऊन ठेवलीय, दुसऱ्या गाण्यात हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रममधल्या झांजेच्या जागी टाकीन.

पहिल्या गाण्याचा पहिला खर्डा झाला. घरी बायकोला वाचून दाखवला:

मी रात्र जागलो, मी बाटली उकळली,
मी लंगोट बदलले, झोपेची गाठ सुटली…

ती भाजी निवडत होती. म्हणाली, “लंगोट किती वेळा बदललेस तेही घाल की. यमक जुळेल ‘दोन’शी.”

नंतर मोजले. सोळा ओळींत ‘मी’ अकरा वेळा. रॅपमध्ये हे चालतं, उलट चालायलाच हवं, आपली सगळी कला ‘मी कोण’ या एका डरकाळीवर उभी आहे. पण लंगोटाची डरकाळी फोडता येत नाही. फोडली की हसू येतं.

१ मे, गुरुवार

सुट्टी. आज घडलं ते सविस्तर लिहितो.

बाय बाल्कनीत माझं २०१६ चं गाणं म्हणत होती. कुठून पाठ झालं देव जाणे. हुकसकट, म्हणजे ध्रुपदासकट. हुकमध्ये आईवरून एक शिवी आहे, ती तिने इतक्या स्वच्छ उच्चारात म्हटली की समोरच्या बाल्कनीतल्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबल्या. मी धावलो. तोवर ती पुढच्या ओळीवर: “बाप माझा उपाशी गेटवर, ब्याऐंशीचा संप.”

बाबा आत पेपर वाचत होते. चष्मा काढून म्हणाले, “कोण उपाशी गेटवर?”

नऊ वर्षं हे गाणं मी स्टेजवर म्हणतोय. ‘गिरणी कामगाराचा पोरगा’ ही माझी पाटी आहे, तिच्यावर टाळ्या पडतात. १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, हे सगळं मी गुगल केलं होतं. बापाला विचारलं नव्हतं.

“मी गेटवर नव्हतोच रे. दोन महिने वाट बघितली न् गेलो गावाला, संगमेश्वरात. भात लावला त्या साली. उपाशी कशाला ऱ्हातोय? भात चांगला आला होता.”

मग पेपर पुन्हा उघडून, सहज: “आणि ब्याऐंशीचा संप काय म्हणतोस? मागं घेतलाय कुणी? मी अजून संपावर हाय.”

बायको पोट धरून हसली. मी शिवीचा विषय काढायचं विसरलो.

११ मे, रविवार

दुपारभर बाबांना बोलतं केलं. रेकॉर्डर चालू होता, एक तास चाळीस मिनिटं. त्यातलं जे ऐकताना मी सरसावून बसलो तेवढंच लिहितो.

गिरणीत ते साचाखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार. रोज भोंग्याला गेटवर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर काम, नाहीतर परत. म्हणजे गेटवर ते उभे राहिले होतेच, पण संपाच्या आधी, कामासाठी. माझ्या गाण्यात ते उलटं झालं.

साच्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, ओठांवरून ओळखायचं. “म्हणून बरं. गानी तिथंच बांधायचो. मोठ्यानं म्हणायचो. कुणाला आयकाया जायत नव्हतं.”

गाणी म्हणजे शक्ती-तुऱ्याची. बाबा शाहीर होते हे मला माहीत होतं, जसं घरात लोखंडी पेटी आहे हे माहीत असतं. लहानपणी परळच्या दामोदर हॉलला मला नेलेलं. शाळेत पोरं ‘बाल्या नाच’ म्हणून हसायची, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. पुढे सतराव्या वर्षी हेडफोनमध्ये ब्रॉन्क्स सापडलं आणि वाटलं, शब्दांची मारामारी असते हे मला अमेरिकेने शिकवलं.

आता बघा. शाहीर ढोलकी-झांज घेऊन मधे बसतो, पोरं एका पायात घुंगरं बांधून त्याच्याभोवती गोल नाचतात. समोर दुसरा फड. शक्तीवाले म्हणतात शक्ती मोठी, तुरेवाले म्हणतात शिव मोठा. आधी गण, मग गवळण, आणि मग एकमेकांवर सवाल. जवाब आला नाही की पब्लिक उठवतं. रॅपर गोल करून आळीपाळीने म्हणतात तो सायफर हाच, बॅटल हीच, फक्त आधी गणपतीला नमस्कार. आमच्यात नमस्काराची सोय नाही, आम्ही थेट शिवीवर येतो.

मी विचारलं, तुमच्यात शिव्या नव्हत्या? म्हणाले, “होत्या की. उगा खोटं कशाला बोलू. रात्री दोननंतर पब्लिक मागायचं, डबल मिनिंगचं. दिलंय आम्ही बी. पन शिवी दिली की समोरच्याला जवाब द्यायची गरज ऱ्हात न्हाय. त्यो बी शिवी देतो. सवाल संपला.”

मग मी त्यांना हर्कचं सांगितलं. एकच रेकॉर्ड दोन टर्नटेबलवर लावायचा, गाण्यातला फक्त ड्रम वाजतो तो तुकडा धरायचा, एक संपला की दुसऱ्यावर तोच, असा तो पाच मिनिटं लांबवायचा. त्या तुकड्यावर पोरं नाचायची.

“म्हंजे ढोलकीचा तोडाच परत परत. बरोबर हाय. लोक त्याच्यासाठीच आलेले असतात.” जरा थांबून, “त्यो कुठला मूळचा?” जमैकाचा, बारा वर्षांचा असताना आईबापामागे शहरात आला. “मग त्यो बी चाकरमानीच.”

बाबा १९५६ चे, हर्क १९५५ चा. म्हणजे जवळजवळ बरोबरीचे.

शेवटी त्यांनी मांडीवर साच्याचा ठेका वाजवून दाखवला, दोन साचे, दुसरा किंचित मागे. मी मोबाईलवर बोटाने ठोके धरून वेग मोजला. मिनिटाला १८० च्या आसपास. माझ्या बीटच्या बरोब्बर दुप्पट. दोस्ताला फाईल पाठवली, त्याने फक्त आगीचे सात इमोजी पाठवले.

२६ मे, सोमवार

पाऊस आला. मेमध्येच! भिंतीला ओल, माईकमध्ये खरखर. माईक तांदळाच्या डब्यात ठेवला. बायको म्हणाली भात काळा झाला तर बघ.

९ जून, सोमवार

आज लिहायचं नव्हतं.

सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं घासली आणि खाली पडली. चार गेली. मी उलट्या दिशेच्या मेमूत होतो, गोदामात शिरताना मोबाईलवर दिसलं. बायको ठाण्याला लॅबमध्ये आहे, रक्ताचे नमुने घेते. तिची गाडी साधारण तीच वेळ. फोन लागेना. अर्धा तास लागेना. मी स्कॅनर हातात धरून उभा, समोरच्या बेल्टवरून खोकी जात राहिली, एकही मारलं नाही.

मग तिचाच आला. आधीच्या गाडीला चढलेली. नेटवर्क नव्हतं. “बायला डबा दिलास ना?” एवढंच विचारलं.

रात्री दोस्ताने मेसेज केला, यावर ट्रॅक कर, लगेच सोड, गरम आहे. त्याला शिवी दिली.

१४ जून, शनिवार

सोमवारी शाळा. पहिली! युनिफॉर्म, बूट, दप्तर, पाण्याची बाटली मिळून साडेतीन हजार. एप्रिलमध्ये एका पबमध्ये वाजवलं होतं, त्याचे पैसे ‘प्रोसेस’मध्ये आहेत. मी फोन करतो, ते गोड बोलतात.

दुकानात रांगेत उभे असताना बायकोला १९७३ ची पूर्ण गोष्ट सांगितली. पार्टी हर्कची नव्हतीच खरं तर. त्याच्या बहिणीची, सिंडी कॅम्पबेलची. तिला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने हॉल घेतला, तिकीट लावलं: मुलींना पंचवीस सेंट, मुलग्यांना पन्नास. भावाला म्हणाली तू गाणी लाव.

“म्हणजे युनिफॉर्मच्या पैशातून निघालंय तुझं हिप-हॉप.”

“तसं म्हण.”

“आणि वाढदिवस भावाच्या नावावर.”

घरी आल्यावर ६ एप्रिलची नोंद वाचली. त्यात सिंडी नाही. मला माहीत असून नाही.

बायने स्कर्ट घालून पाहिला, दोन इंच लांब. पुढच्या वर्षीही चालेल म्हणून मुद्दाम तसाच घेतला. टीप बायकोने मारली.

३० जून, सोमवार

पहिलीपासून हिंदीचा जीआर सरकारने काल मागे घेतला. एप्रिलपासून नुसता धुरळा. गोदामातल्या पोरांनी मला पकडलं, तू मराठी रॅपर, तू गाणं कर. मी म्हटलं बायला अजून ‘ळ’ नीट काढता येत नाही, आधी ते बघतो. खरं तर लिहायला बसलो होतो. चार ओळी झाल्या आणि त्या चारही भाषणासारख्या वाटल्या. फाडल्या.

तिसरं आणि पाचवं गाणं पक्कं. दुसरं स्कॅनरवालं, तेही जमलंय. चौथं टाकून दिलं. त्यात एक पाहुणा रॅपर येणार होता, त्याने त्याच्या आठ बारांत माझ्या बाबांना ‘लेजंड’ म्हटलं होतं. बाबांना न भेटता.

१३ जुलै, रविवार

बाबांचं रेकॉर्डिंग.

ही कल्पना नास या अमेरिकन रॅपरवरून सुचली. त्याच्या १९९४ च्या पहिल्या अल्बममध्ये एका गाण्याच्या शेवटी कॉर्नेट, ट्रम्पेटचा धाकटा भाऊ, वाजतो, तो वाजवणारा त्याचा बाप, ओलू दारा, जॅझवाला. मी ते गाणं शंभरदा ऐकलं असेल, पण बाप हे कळल्यावर वेगळंच ऐकू आलं. पोराच्या गाण्यात बाप एक शब्द न बोलता येऊन जातो.

बाबा कपाटात मावले नाहीत. उभं राहून गाणार नाहीत म्हणाले, शाहीर बसून गातो. मग गोधडी जमिनीवर, साड्या खाली ओढून भोवती रचल्या, माईक स्टुलावर. ढोलकी सोळा वर्षांनी काढली. शाई उडालेली, वाद्या सैल. ओढून-ताणून, गॅसवर जरा शेकून सुराला आणली. त्यात पाऊण तास गेला आणि खरं सांगतो, अख्ख्या दिवसातला तो सगळ्यात छान पाऊण तास. बाय प्रत्येक वादीला बोट लावून ‘ही पण ओढू?’ विचारत होती.

कानात क्लिक, म्हणजे ठेका धरायची टिकटिक, दिली. दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवला. “ह्यो कोण टिकटिक करतोय? माझा ठेका बी खातोय.”

क्लिकशिवाय घेतलं. गण, मग एक जुनी गवळण, आवाज वरच्या पट्टीत फाटतो पण शब्द एक सांडत नाही. ठेका सुरुवातीला ९० ला होता, शेवटी ९७. दोस्त म्हणतो ग्रिडवर बसवतो, कॉम्प्युटरवर ठोके सरळ रेषेत, पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं हात लावू नकोस. तो म्हणतो मग माझा किक, ड्रमचा जाड ठोका, कुठे ठेवू? भांडण. एक तासाने त्याचाच फोन: त्याने किकच हाताने वाजवलाय, बाबांच्या मागोमाग, त्यांच्यासोबत पळत. ऐकलं. छातीत भरलं काहीतरी.

हे सहावं नाही, पहिलं गाणं होणार. गण आधी.

२७ जुलै, रविवार

चौथ्याच्या जागी नवीन सापडलं. बाय झोपताना प्रश्न विचारते. मी ते वहीत टिपतोय दोन आठवडे:

पप्पा, तू लहान होतास तेव्हा मी कुठे होते?
गोदामातली खोकी रात्री झोपतात का?
मुंब्र्याला गाडी हळू का जाते?
तू गाण्यात रागावतोस ते कुणावर?

चौथ्या प्रश्नाला मी म्हटलं, लोकांवर. ती म्हणाली, कुठल्या? आणि झोपून गेली.

गाण्यात तिचे प्रश्न तिच्या आवाजात, आणि प्रत्येकानंतर माझे चार बार. ‘कुठल्या?’नंतर माझे बार नाहीत, चार बार नुसता साच्याचा ठेका. तिच्याकडून पुन्हा म्हणून घ्यायचा प्रयत्न केला तर ती टीव्हीवरच्या पोरींसारखी लाडात म्हणायला लागली. म्हणून मोबाईलवरचाच पहिला टेक ठेवला, मागे कुकरची शिट्टी आहे. असू दे.

११ ऑगस्ट, सोमवार

नाही सोडली. पाचच झालीत.

दोस्त वैतागला, तारखेचं एवढं कौतुक तूच केलं होतंस. खरं आहे. २०१६ चं गाणं मात्र आज सगळीकडून उतरवलं. शिवीसाठी नाही, शिवी राहिली असती तरी चाललं असतं, ती माझीच होती. ती ‘उपाशी गेटवर’ची ओळ माझी नव्हती.

बाबांना सांगितलं. म्हणाले, “काढलंस कशाला? चाल बरी होती.”

सहाव्यात काय हवं, ते कळत नाहीये. पान कोरं.

३१ ऑगस्ट, रविवार, गाव

गणपती बुधवारी बसले, आज गौरी आल्या. मोबाईलला नेटवर्क फक्त वहाळाच्या साकवावर. वही आणली ते बरं केलं.

काल रात्री आमच्या खळ्यात जाखडी, म्हणजे तोच शक्ती-तुऱ्याचा नाच. वाडीतली पोरं, त्यातली निम्मी नालासोपारा-दिवा-कळव्याची, चार दिवसांची सुट्टी काढून आलेली. बाबांना मधे बसवलं. बायच्या उजव्या पायात कुणीतरी घुंगरं बांधली, तिच्या पोटरीपर्यंत आली. पहिल्या फेरीत उलटी फिरली, दुसऱ्या फेरीत सुलटी, तिसऱ्या फेरीनंतर तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मी मोबाईल ओट्यावर ठेवून रेकॉर्ड करत होतो. गण झाला, गवळण झाली. दुसरा फड नव्हताच, म्हणून बाबांनी ढोलकीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं. “ह्यो तुरेवाला. मुंबईचा शाहीर. ह्याला सवाल.” पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग त्यांनी जागच्या जागी बांधून टाकलं:

सहा गाणी बांधलीस म्हणं, बापाची गायलीस माया,
लेक हाय, आजा हाय, कुठं लपिवलीस जाया?
शिवाला नाचाया अंगण सारवलं कुणी, सांग तुरेवाल्या,
शक्तीबिगर शीव म्हंजे नुसती भिंतीवरची छाया!

काय ओरडली पोरं. बायको दारात इतर बायकांमध्ये उभी होती, पदर तोंडाला लावून हसत होती, आणि हसता हसता माझ्याकडे बघत होती, आता बोल म्हणून.

मी फ्रीस्टाईलवाला माणूस. पनवेलला एकदा विषय न सांगता अकरा मिनिटं खेचलीय. खळ्यात दीडशे माणसांसमोर तोंड उघडलं आणि नुसती ढोलकी ऐकू आली. पब्लिकने उठवलं. नियमाने उठवलं.

१ सप्टेंबर, सोमवार, गाव

साकवावर जाऊन मेसेज बघितले. दोस्त: “सहावं कधी देतोस?”

लिहिलं, गौरी गेल्यावर.

परत आलो तर बायको विहिरीवर होती. तिला विचारलं, ९ जूनला त्या अर्ध्या तासात तू काय करत होतीस? कळशी काठावर टेकवली. म्हणाली, “दुसऱ्या गाडीने आलेल्या पोरीला पाणी पाजत होते प्लॅटफॉर्मवर. तिचा भाऊ होता त्या गाडीत. का?”

तीन महिने झाले. मी विचारलंच नव्हतं.

“सांग अजून,” म्हटलं, आणि कळशी मी उचलली. रेकॉर्डर चालू केला नाही.